मागचे दोन पाय

सातारा,
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

आबा,

हॉस्टेलच्या गॅलरीतून कडेगावच्या दिशेला तोंड करून नमस्कार केलाय. पोचला का ते कळवा.

फोनवरच सांगणार होते, पण रविवारची आपली पाच मिनिटं कशी जातात ते तुम्हाला माहीत आहे. चार मिनिटं मी ओरडते, तुम्ही "बरं हाय, बरं हाय" म्हणता आणि पाचव्या मिनिटाला आई फोन घेऊन विचारते, "गरम पाणी मिळतंय ना गं?" मागच्या वेळी मी म्हणाले, माझा पाय मुरगळलाय, तर तुम्ही म्हणालात, "लय चांगलं झालं." तोफांनी तुमचे कान नेले त्याला तुम्ही तरी काय करणार! म्हणून हे पत्र. शिवाय पत्र म्हटलं की रेक्टरबाई खूश होतात, आणि फोन म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठ्या.

तर बातमी अशी की ४ जानेवारीला आमचं गॅदरिंग आहे आणि त्यात नववीचं नाटक आहे. देवदत्त सरांनी स्वतः लिहिलंय. सर नवीन आहेत, दाढीवाले, रागावले तरी "बाळांनो" म्हणतात. नाटकात एका शेतकऱ्याची बैलजोडी असते. त्यातला एक बैल तो विकतो. मग राहिलेला बैल चारा सोडतो. शेवटी शेतकरी नवा जोडीदार आणतो आणि तो बैल पुन्हा जुंपून घेतो. शेतकरी झालीय क्रांती, माझ्या शेजारच्या कॉटवरची. आणि बैल... हसायचं नाही हं आबा... बैल मी आहे.

मला आधी रडूच आलं. मी शेतकऱ्याच्या बायकोसाठी नाव दिलं होतं, तिचे सगळे संवाद पाठ करून गेले होते. पण सर म्हणाले, अख्खं नाटक बैलावर उभं आहे, बैल फसला तर सगळंच फसलं.

सरांनी प्रत्येकीला एक "भूमिकेची वही" दिलीय. आपण जे पात्र करतोय ते काय विचार करत असेल, ते रोज पाच ओळी लिहायचं. क्रांतीची पानंच्या पानं भरतात. माझी पहिली ओळ अशी आहे: "मी बैल आहे. मला भूक लागली आहे." पुढचं सुचेना.

तेव्हा मदत करा. आपला पाखऱ्या दिवसभर काय विचार करतो, ते मला लिहून पाठवा.

तुमची,
संयू

•

कडेगाव,
२३ नोव्हेंबर २०२४

संयू पोरी, जय हिंद.

नमस्कार पोचला. पर गॅलरीतनं लय वाकू नगंस.

तुजं पत्र तुज्या आजीला वाचून दावलं. शालूबाई म्हनती, माज्या नातीला बैल केलं? त्या मास्तरला दुसरं कोन गावलं न्हाई व्हय? मी म्हनलं, गप बस. बैल व्हायला अक्कल लागती, बायको काय कोनबी हुतंय. तवापास्नं माज्या ताटात भाजी कमी पडाय लागलीया.

आज सकाळी च्या घिऊन गोठ्यात जाऊन बसलो ते धा वाजंस्तवर. संगं वही, पेन. तुजा बाप ट्रॅक्टर घिऊन उसाच्या फडावर चाललेला. म्हनला, आबा, काय चाललंय? म्हनलं, ड्युटीवर हाय.

रिपोर्ट असा. बैल उगंच मान हलवत न्हाई. माशी बसली तर आधी कातडं थरथरवतो, तेनं न्हाई भागलं तर कान, आन लयच झालं तर मान. मान सगळ्यात शेवटी. वैरण खाताना डोळं उघडं, रवंथ करताना अर्धं मिटल्यालं. वळखीचं मानूस आलं तर तोंड फिरवत न्हाई, नुसता कान फिरवतो. मी गेलो की पाखऱ्याचा डावा कान फिरतो. तुजा बाप गेला तर कायच हलत न्हाई, त्येला डिझेलचा वास येतो.

आन काय इचार करतो म्हनशील, तर बैल एकच इचार करतो. माजा जोडीदार कुटं हाय. सर्ज्या जाऊन तीन वर्सं झाली. अख्खा गोठा मोकळा हाय, पर पाखऱ्या आजूनबी डाव्या कडंला सरकून उभा ऱ्हातो. उजव्या अंगाला सर्ज्याची जागा सोडलेली असती. मी किती डाव मदी आनून बांधला. दावं ताणून परत कडंला.

नाटकाचं मी गावात सगळ्यास्नी सांगितलंय. सयाजी म्हनला, लालासाहेब, नात बैल झाली ते झालं, पर बैल कंच्या बाजूचा? डावा का उजवा? मला सांगता येईना. चारचौघात मान खाली गेली. ते पयलं कळव.

तुजा आबा,
हवालदार लालासाहेब, तोफखाना, रिटायर

•

सातारा,
१ डिसेंबर २०२४

पूजाताई,

तुझ्या मिरजेच्या नर्सिंग कॉलेजात परीक्षा चालू आहेत हे माहीत आहे, तरी हे पत्र वाचच. आधी वचन दे की घरी कुणाला सांगणार नाहीस. दिलंस? बरं.

मी नाटकात बैल झालेय हे तुला काकूकडून कळलं असेलच. ते खरं आहे. पण बैलाला पाय चार असतात आणि मला दोनच आहेत. म्हणजे बैलात दोघी असतात. पुढे मयूरी, मागे मी. ताई, मी बैलाचं मागचं अंग आहे! मयूरी नाच शिकते, तिची मान सुंदर वळते, म्हणून तिला तोंड. आणि मला सर काय म्हणाले माहितेय? "संयोगिता, तुझी पाठ भक्कम आहे." मी वाकून तिच्या कमरेचा पट्टा धरायचा, वरून पांढरी चादर, आणि हातात शेपटीची दोरी. ती ओढली की शेपूट हलते. हेच माझं काम.

आबांना मी लिहिलं, "बैल मी आहे." खोटं नव्हतं ना? मला वाटलं होतं, ते हसतील आणि विषय संपेल. तर त्यांनी गोठ्यात तीन तास बसून टिपण काढून पाठवलं! कान कसा, डोळे कसे, रवंथ कसं. सगळं तोंडाचं. ते वाचून मी सरळ मयूरीला दिलं, तिने तसंच्या तसं करून दाखवलं आणि सरांनी तिला सगळ्यांपुढे शाबासकी दिली. मी चादरीत होते.

आता आबांनी अख्ख्या गावाला सांगितलंय. त्यांना कसं सांगू की त्यांची नात शेपटीकडे आहे? सयाजीकाका वगैरे मंडळी त्यांना जन्मभर चिडवतील. मला काय वाटायचं ते वाटू दे, पण आबांची मान खाली गेलेली मला बघवणार नाही. काय करू ते सांग.

तुझी संयू

•

सातारा,
४ डिसेंबर २०२४

आबा,

तुमचा रिपोर्ट सरांनी वर्गात वाचून दाखवला. "मान सगळ्यात शेवटी" हे वाक्य त्यांनी फळ्यावर लिहिलं. क्रांती म्हणते, तुझ्या आबांनाच दिग्दर्शक करा.

तुमचा डाव्या-उजव्याचा प्रश्न सरांना विचारला. ते म्हणाले, "बाळ, बैलाला कुठली बाजू असते?" झालं असं की बैलाचा पोशाख एकच आहे, म्हणून जोडीतला दुसरा बैल पुठ्ठ्याचा केलाय. शेवटच्या प्रवेशात समोर रंगवलेलं शेत असतं आणि आमची पाठ लोकांकडे. पुठ्ठ्याचा बैल डाव्या बाजूला टेकवून ठेवलाय, कारण उजवीकडे ठेवला तर झोपडीच्या दाराला आडवा येतो. म्हणजे खऱ्या बैलाने उजवीकडे यायचं. खऱ्या म्हणजे आम्ही. म्हणजे मी.

मी सरांना पाखऱ्याचं सांगितलं, की तो डाव्या अंगाचा आहे. सर म्हणाले, प्रेक्षकांच्या लक्षातही येणार नाही.

आणि आबा, सहज विचारते. बैलाचे मागचे पाय कसे चालतात? म्हणजे उभा असताना तो मागचे पाय कसे ठेवतो? तेही जरा बघून लिहा ना.

तुमची,
संयू

•

कडेगाव,
९ डिसेंबर २०२४

संयू पोरी, जय हिंद.

तुज्या मास्तरला माजा नमस्कार सांग आन म्हनावं, साताऱ्यात नाटक करताय का परदेशात? लोकांच्या ध्यानात येनार न्हाई म्हनं! हॉलमदी निम्मी मानसं शेतकऱ्याच्या घरची असतील. जी नसतील तेंचं आजं-पणजं हुतं.

नीट ऐक. गोऱ्हा पयल्यांदा ज्या अंगाला जुंपतो, त्यो जन्मभर त्याच अंगाचा. डाव्याला उजवीकडं जुंपला तर बिचारा गोंधळतो, जोडीदाराला ढकलतो, मालकानं मारलं तरी तेला कळत न्हाई आपलं काय चुकलं. सर्ज्या गेल्यावर मी सयाजीचा बैल मागून आनला हुता. त्योबी डावा निघाला. दोगंबी डावीकडं घुसाय लागली, आन मदी मी. त्या दिसापास्नं पाखऱ्याला परत जुंपला न्हाई. तुजा बाप म्हनला, ट्रॅक्टर हाय की, कशाला तरास. मीबी म्हनलं, व्हय, आता पेन्शन.

मागच्या पायाचं काय इचारतीस? मागचं कोन बघतंय? लोकं तोंड बघत्यात. तू तोंडावर ध्यान दे.

आमी जीप ठरवलीया. मी, तुजी आजी, सयाजी, आनखी धा जन हुत्यात. तुज्या बापाला मागं फळीवर बसवनार. सगळी म्हनत्यात, लालासाहेबाची नात कशी बैल हुती ते बघायचंच.

आबा

•

सातारा,
१२ डिसेंबर २०२४

आबा,

मी विचार करून लिहितेय, रागावू नका. गॅदरिंगला तुम्ही आला नाहीत तरी चालेल. साताऱ्यात थंडी मरणाची आहे. कार्यक्रम सुरू व्हायलाच दोन तास उशीर होतो, आधी सत्कार, भाषणं, बक्षिसं. तुमचा गुडघा इतका वेळ खुर्चीत बसून आखडेल. तुम्हाला संवाद तरी कुठे ऐकू येणार? शाळेचे सर शूटिंग करणार आहेत. मी सुट्टीत ते पेनड्राइव्हवर आणीन, आपण घरीच टीव्हीवर बघू.

आणि इतक्या सगळ्यांना आणू नका. बैलाला संवाद नसतात, आबा. लोकांना कंटाळा येईल.

पाखऱ्या कसा आहे? तुम्ही माझं पत्र वाचता तेव्हा तो ऐकतो का? लगेच लिहा.

तुमची,
संयू

•

मिरज,
२२ डिसेंबर २०२४

संयू,

परीक्षा संपली म्हणून आज सविस्तर लिहायला बसले होते, पण दोनच गोष्टी लिहिते.

पहिली. मागचे पाय झालीस म्हणून रडणं बंद कर. आमच्या वॉर्डात पेशंट डॉक्टरांचं तोंड लक्षात ठेवतात आणि रात्रभर उभं राहणारे पाय आमचे असतात. चालतं ते आमच्यावर.

दुसरी. आबांना "येऊ नका" असं परत लिहू नकोस. मी गेल्या रविवारी कडेगावला जाऊन आले. तुझं पत्र तेव्हा त्यांच्या खिशात होतं. येऊ दे असं का म्हणते ते मी सांगणार नाही, त्यांनी मला शपथ घातलीय. पण त्यांना येऊ दे. तुला त्यांना खरं सांगायचं असेल तर सांग, नसेल तर नको सांगूस. फक्त येऊ दे. तुझ्या ताईचं एवढं ऐक.

पूजा

•

कडेगाव,
२३ डिसेंबर २०२४

संयू पोरी, जय हिंद.

तुजं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला. जरा गडबड हुती घरात.

पाखऱ्याची घुंगरमाळ पाठवतोय. सयाजीचा थोरला साताऱ्याला एमआयडीसीत हाय, त्येच्याकडं दिलीया, त्यो हॉस्टेलवर आनून दील. हितं नुसती खुट्टीला हुती. तुज्या बैलाच्या गळ्यात घाल.

आमी येनार. गुडघ्याचं तू बघू नगंस.

आबा

•

सातारा,
५ जानेवारी २०२५

आबा,

काल तुम्ही स्टेजच्या मागच्या दाराशी आलात, माझ्या डोक्यावर हात ठेवलात, गुळाची ढेप हातात दिलीत आणि गेलात. जीपवाला हॉर्न वाजवत होता हे मला कळतंय. पण तुम्ही एक शब्दही बोलला नाहीत, म्हणून रात्रभर झोप नाही. आता सगळं खरं लिहिते. वाचून झाल्यावर मला काय शिक्षा करायची ती करा.

तुमच्यानंतर सयाजीकाका म्हणाले, "काय मान हलवलीस गं पोरी, हुबेहूब!" आणि मी "हो" म्हणाले. आबा, ती मान मयूरीची होती. कानही तिचे, डोळेही तिचे. मी मागे होते. पहिल्या दिवसापासून मागेच होते. तुम्ही गोठ्यात बसून जे जे लिहून पाठवलंत ते सगळं मी तिला शिकवलं आणि तुम्हाला मात्र मी करतेय असं भासवलं. म्हणूनच तुम्ही येऊ नये असं लिहिलं. गुडघ्याचं निमित्त होतं. शेवटी आम्ही दोघी चादरीतून बाहेर येऊन नमस्कार करणार होतो, तेव्हा तुम्हाला कळलंच असतं, आणि त्या क्षणाची मला महिनाभर भीती होती. पण चादरीच्या नाड्यांना अशी गाठ बसली की सुटेचना, आणि आम्ही बैल म्हणूनच नमस्कार केला. मी वाचले. आणि वाचले म्हणून मला जास्तच वाईट वाटलं.

आता शेवटच्या प्रवेशाचं सांगते, कारण शाळेत सगळे त्याचंच बोलतायत आणि खरं काय झालं ते फक्त मला माहीत आहे.

चादरीच्या आत काही दिसत नाही. मयूरीच्या टाचा दिसतात आणि त्यांच्यामागून जायचं. ऐकूही धड येत नाही. पेटी-तबला आहे हे कळतं, पण बोललेलं कळत नाही. पुढची कुठे नेतेय हे विचारायची सोय नसते. सुरुवातीला मला याचा फार राग यायचा. वहीत मी लिहिलं होतं, "मला कुणी काही विचारत नाही." मग महिनाभर तिच्यामागून चालून चालून एक दिवस लक्षात आलं की ती दमली की टाचा आधी दमतात, ती घाबरली की पट्टा घट्ट होतो. तिचं तोंड न बघता मला तिचं सगळं कळायला लागलं. मग मी वहीत लिहिलं, "बैलाला मागून जास्त कळतं." सरांनी त्याखाली लाल पेनने लांब रेघ मारली. चूक म्हणून की बरोबर म्हणून, ते विचारायचं राहिलं.

तर काल. क्रांती आम्हाला घेऊन निघाली. मयूरी ठरल्याप्रमाणे उजवीकडे वळली. आणि हॉलमधून तुमचा आवाज आला. "पाखऱ्याऽऽ! आरं डावं! डावं ये रं!"

आबा, नाटकातल्या बैलाचं नाव राजा होतं. तालमीत सर वळायची खूण म्हणून शिट्टी वाजवायचे ती मला कधी ऐकू आली नाही, पण तुमची हाक चादरीतून आत आली. मी विचार केला नाही. घरी पाण्यावर जाताना तुम्ही अशीच हाक मारायचात आणि मी पाखऱ्याच्या बरोबरीने पळायचे. माझे पाय वळलेच. मी मयूरीला पट्ट्याला धरून डावीकडे खेचलं. ती बिचारी अजून उजवीकडेच चाललेली, तिला काही कळेना. आम्ही दोघी धाडकन पुठ्ठ्याच्या बैलावर, आणि तो तोंडावर आपटला! सगळा हॉल हसला. मला वाटलं, संपलं. महिन्याभराची मेहनत मी मातीत घातली.

पण क्रांती हुशार. पुढचं मला नंतर सगळ्यांनी सांगितलं. तिने पुठ्ठ्याचा बैल उचलला, झोपडीच्या दाराला आडवा आला तर येऊ दे म्हणून उजवीकडे उभा केला आणि लोकांकडे वळून म्हणाली, "मालक मी, वैरण मी घालतो, आन ऐकतोय कुनाचं बघा!" त्यावर ज्या टाळ्या पडल्या आबा, पडदा पडेपर्यंत थांबल्या नाहीत. सर विंगेत डोकं धरून बसले होते ते उठून नाचायला लागले.

आत मयूरीने विचारलं, "कोण ओरडलं गं?" मी म्हणाले, माझे आबा. तर म्हणते, "मग आधी सांगायचंस ना, मीच वळले असते."

आता तुम्हाला सगळं माहीत झालं. सयाजीकाकांना खरं सांगायचं का ते तुम्ही ठरवा. मी तुमची मान खाली घातली असेल तर मला माफ करा. पण रागावून गप्प बसू नका, ते मला सहन होत नाही. चार शिव्या लिहून पाठवा, पण लिहा.

तुमची,
संयू

•

कडेगाव,
११ जानेवारी २०२५

संयू पोरी, जय हिंद.

शिव्या न्हाईत. माफीबी नगं. तू मागं हाईस ते मला हॉलमदीच कळलं हुतं.

बैल तोंडानं वळतो. हाक दिली की आधी कान, मग मान, मग खांदा, आन सगळ्यात शेवटाला मागचं अंग. पन्नास वर्सं बघतोय. तुमचा बैल उलटा वळला. तोंड उजवीकडं चाललंय आन मागचं पाय डावीकडं! म्या तुज्या आजीच्या कानात सांगितलं, आपली पोरगी शेपटाकडं हाय. ती म्हनली, कशावरनं? म्हनलं, माजी हाक फकस्त तिकडंच पोचली.

सयाजीला जीपमदीच सांगितलं. त्यो हसला. म्हनला, म्हंजे धा मानसं घिऊन आपुन बैलाचं ढुंगण बघाय आलतो व्हय? मीबी हसलो. मान खाली न्हाई गेली. मागचं कोन बघतंय असं मी तुला लिवलं हुतं, ते मातर मनाला लागलं. चुकलो. आर्टिलरीत तोफ डागनारा एक असतो आन मागनं गोळा उचलून देनारी चार. मी आठ वर्सं मागंच हुतो. म्या इसरायला नगं हुतं.

आता माजं ऐक. मीबी तुला एक सांगितलं न्हाई.

पाखऱ्या गेला. १४ डिसेंबरला, शनवारी. दोन दिस वैरण खाल्ली न्हाई, डॉक्टर आनला, सलाईन लावली. वय झालं हुतं, पोरी. सकाळी बघतो तर डाव्या कडंलाच निजलेला. त्येला उसाच्या बांधाला पुरला, सर्ज्याशेजारी. डाव्या अंगाला. तुजं "येऊ नका" असं पत्र त्यातच आलं. तुला कळवलं असतं तर तू नाटकात उभी ऱ्हायली नसतीस, म्हनून पूजाला शपथ घातली. तुज्या आईला फोनवर ह्ये बोलायचं न्हाई म्हनून सांगितलं. माज्यावर रागाव, तेंच्यावर नगं.

त्या दिशी हॉलमदी मी नाटकात घुसून वरडलो, त्ये मुद्दाम न्हाई केलं. एकवीस दिस मी कुनाला हाक मारली नव्हती. गोठ्यात गेलो की जिभंवर यायची, आन गिळायची. तिथं पांढरं अंग दिसलं, गळ्यात आपली माळ, आन उजव्या अंगाला चाललेला. मला नाटक दिसंना संयू. माजा बैल चुकीच्या बाजूला निघाला एवढंच दिसलं. सुटली तोंडातनं.

सुटल्यावर लय लाज वाटली. समदी मानसं मागं वळून माज्याकडं बघाय लागली. तुजी आजी सदरा धरून खाली वढाय लागली. बसनारच हुतो, तेवढ्यात बैल वळला.

मग मी उभाच ऱ्हायलो.

आबा